डोंगरवाटेवरचं इंग्रजी: एका प्रौढ विद्यार्थिनीचं प्रकरण

या प्रकरणातली विद्यार्थिनी चाळिशीतली आहे, हिशेबतपासणीच्या कामात मुरलेली. इंग्रजी अहवाल ती भराभर वाचते, ई-मेल नेटका लिहिते, व्याकरणाचे नियमही तिला पाठ आहेत. अडतं ते बोलताना. मीटिंगमध्ये प्रश्न आला की उत्तर मनात तयार असतं, पण शब्द जिभेवर येईपर्यंत दुसरंच कुणीतरी बोलून मोकळं होतं. पहिल्याच भेटीत ती म्हणाली होती, “मॅडम, शब्द समोर दिसला की मी ओळखते. पण मला हवा असतो तेव्हा तो येत नाही.”

तिने स्वतःच केलेलं हे निदान अचूक होतं. शब्द पाहून अर्थ आठवणं हे एक काम आणि सांगायचं मनात असताना शब्द शोधून काढणं हे दुसरं. वर्षानुवर्षं वाचन करून तिने पहिलं काम भरपूर केलं होतं, दुसरं जवळजवळ कधीच नाही. अशा माणसाला आणखी शब्द पाठ करायला देणं म्हणजे भरलेल्या कोठारात आणखी पोती रचणं. तिला गरज होती ती कोठाराचं दार वारंवार उघडायला लागेल अशा प्रसंगांची.

तसा प्रसंग आयता चालून आला. तिच्या कामाच्या ठिकाणचे काही सहकारी एका दिवसाच्या डोंगरचालीला निघाले होते. मातृभाषा प्रत्येकाची वेगळी, त्यामुळे आपसात इंग्रजीच. वाटाड्याही सूचना इंग्रजीतच देणार होता. तिला डोंगर आवडतो, चालायची सवय आहे, पण दिवसभर इंग्रजीत बोलावं लागेल म्हणून ती नाही म्हणायच्या बेतात होती. मी तिला जा म्हटलं, आणि तिच्याच आग्रहावरून गटाच्या परवानगीने मीही सोबत गेले.

निघण्यापूर्वी

ती तयारीला लागली ती तिच्या नेहमीच्या पद्धतीने. शब्दकोशातून डोंगराचे शब्द काढून तिने भलीमोठी यादी आणली: पीक, समिट, रिज, स्पर, सॅडल, पास, क्लिफ, लेज, गॉर्ज, रॅव्हीन, स्क्री, बोल्डर. प्रत्येकासमोर मराठी अर्थ. यादी सुबक होती, पण मी ती बाजूला ठेवली, कारण एकाच जातीचे शब्द एका बैठकीत शिकले की ते एकमेकांत मिसळतात. थॉमस टिंकम यांनी १९९३ आणि १९९७ मध्ये याची पद्धतशीर पाहणी केली. अर्थाने सख्खे असलेले शब्द एकत्र पाठ करायला शिकणाऱ्यांना जास्त वेळ लागला. उलट एखाद्या प्रसंगाभोवती जमलेले, जातीने वेगवेगळे शब्द त्यांना सोपे गेले. रॉब वॉरिंग यांनी जपानी विद्यार्थ्यांबरोबर केलेल्या पाहणीतही सख्ख्या शब्दांचा गोंधळ असाच दिसला. पाठ्यपुस्तकं मात्र आजही ‘रंग’, ‘फळं’, ‘शरीराचे अवयव’ अशीच धडे पाडतात, आणि मला ते खटकतं.

यादीऐवजी आम्ही नकाशा उघडला. वाट कुठून सुरू होते, झाडीतून कशी चढते, ओढा कुठे ओलांडते, धारेवर कुठे येते हे तिने बोटाने दाखवत सांगायचं होतं. “द पाथ क्लाइंब्ज थ्रू द फॉरेस्ट, क्रॉसेस अ स्ट्रीम, अँड देन कम्स आउट ऑन द रिज.” एवढ्या एका वाक्यात तीन क्रियापदं आली, वाटेची दिशा आली, आणि यादीतल्या बारा नामांपैकी एकच.

मग वेळेचा हिशेब. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक साधा ठोकताळा दिला होता: दर ३ मैलांना १ तास, आणि चढाईच्या दर २००० फुटांना आणखी १ तास. म्हणजे वाट ६ मैलांची आणि चढाई २००० फुटांची असेल तर ३ तास. आकडे म्हणजे तिचं घरचं अंगण, त्यामुळे इथे ती न अडखळता बोलली: “इट शुड टेक अस अबाउट थ्री अवर्स, नॉट काउंटिंग ब्रेक्स.” हे वाक्य मी मुद्दाम तिच्याकडून वेगवेगळ्या आकड्यांनी वदवून घेतलं. आकडा बदलायचा, सांगाडा तोच. या वाक्याचं पुढे काय झालं ते नंतर सांगते.

तयारीत एक गोष्ट भाषेपलीकडची होती. जिथे पाय घसरायची भीती आहे, तिथे इंग्रजीचा सराव पूर्ण बंद, सुचेल त्या भाषेत बोलायचं. परक्या भाषेत शब्द शोधताना लक्ष वाटलं जातं, आणि कातळावर ते पायांवरच असायला हवं. संकटाची खूण म्हणून वाटाड्याने सगळ्यांना शिट्टीचा संकेतही समजावला: मिनिटाभरात सहा वेळा शिट्टी, मग एक मिनिट थांबून पुन्हा तसंच. ऐकणाऱ्याने मिनिटाभरात तीन शिट्ट्यांनी उत्तर द्यायचं. त्याला कुठलीच भाषा लागत नाही, हे मला बरं वाटलं.

चढ

चढावर माणसाचा श्वासच ठरवतो की किती बोलायचं. मध्यम श्रमात माणूस बोलू शकतो पण गाऊ शकत नाही, आणि श्रम वाढले की चार शब्दांनंतर थांबून दम घ्यावा लागतो. व्यायामाचा जोर ओळखायची ही प्रचलित खूण भाषेच्या दृष्टीनेही मोलाची आहे. वर्गात बोलताना ही विद्यार्थिनी लांब, निर्दोष वाक्य मनात जुळवत बसते आणि संधी निघून जाते. चढावर लांब वाक्य कुणालाच परवडत नाही. सगळेच तुटक बोलतात: “वेट.” “गो अहेड.” “लूज रॉक, ऑन युअर लेफ्ट.” “गिव्ह मी अ सेकंड.” इंग्रजी ज्यांना सहज येतं तेही तसंच बोलतात. पहिल्या अर्ध्या तासातच तिचा संकोच सैल पडला, आणि माझ्या मते त्याचं मुख्य कारण हेच. बोलणं छोटंच असायचं, त्यामुळे छोटं बोलण्याची लाज उरली नाही.

शिवाय प्रत्येक शब्दामागे हालचाल होती. “वॉच युअर स्टेप” ऐकलं की पाय जपून पडायचा, “डक” ऐकलं की फांदीखाली मान झुकायची. जेम्स अ‍ॅशर यांनी १९६० च्या दशकापासून हीच पद्धत वर्गासाठी मांडली: आज्ञा ऐकायची, ती शरीराने पाळायची, बोलण्याची घाई करायची नाही. वर्गात अशा आज्ञा कृत्रिम वाटतात. “उठा, दाराकडे जा, खिडकी उघडा” हे मोठ्या माणसाला किती वेळ करायला लावणार? डोंगरावर आज्ञेला कारण असतं, ती पाळली नाही तर फांदी कपाळाला लागते.

एका वळणावर ती थांबली आणि शेजारच्या सहकाऱ्याला म्हणाली, “माय हिल इज पेनिंग.” त्याने वर शिखराकडे पाहिलं. तिने बुटाकडे बोट दाखवलं. “ओ, युअर हील!” तो म्हणाला. “डझ इट हर्ट अ लॉट?” तेवढ्यात वाटाड्या मागे आला, वाकून बुटाकडे पाहत त्याने विचारलं, “इज इट अ ब्लिस्टर, ऑर जस्ट रबिंग?” तिने क्षणभर विचार केला. फोड अजून आला नव्हता, बूट नुसता घासत होता. “जस्ट रबिंग,” ती म्हणाली. बूट सोडून मोजा सरळ केला, टाचेवर पट्टी लावली आणि चाल पुढे सुरू झाली.

हा प्रसंग दोन मिनिटांचा असेल, पण त्यात बरंच काही घडलं. पहिलं उच्चाराचं. मराठीत ऱ्हस्व इ आणि दीर्घ ई लिहिताना वेगळ्या असल्या तरी बोलताना त्या फरकावर अर्थ क्वचितच अवलंबून असतो. म्हणून हिल आणि हील, स्लिप आणि स्लीप, शिप आणि शीप या जोड्या आपल्या तोंडी एक होतात. इंग्रजीत तो फरक नुसत्या लांबीचा नाही, ओठ आणि जीभही जागा बदलतात. वर्गात मी तिला हे सांगितलं होतं आणि तिला ते पटलंही होतं. पण समोरच्याची नजर टाचेऐवजी डोंगराकडे गेली, तेव्हा तो फरक तिच्या कामाचा झाला. दुसरं, सहकाऱ्याने चूक दाखवली नाही. तो नुसतं बरोबर रूप वापरून पुढे बोलला, ‘पेनिंग’च्या जागी ‘हर्ट’ आणलं, आणि संभाषण टाचेवरच राहिलं. शिक्षकाने थांबवून सुधारलं असतं तर ती पुन्हा परीक्षेला बसल्यासारखी झाली असती. मी काहीच बोलले नाही.

आणि तिसरं, माझ्या लेखी सगळ्यात मोलाचं: वाटाड्याच्या प्रश्नात दोन पर्याय होते आणि तिला त्यातला खरा निवडावा लागला. बाटिया लॉफर आणि यान हुल्स्टाइन यांनी २००१ मध्ये शब्द मनात ठसण्यामागे तीन घटक मांडले: शब्दाची गरज, त्याचा शोध, आणि तोच इथे बसतो का याची पारख. टाचेच्या त्या प्रसंगात हे तिन्ही होते, आणि गरज तर अक्षरशः अंगाला बोचत होती.

विसावा आणि धार

विसाव्याला श्वास परतला की नामं येतात. बसून आजूबाजूला पाहायला वेळ असतो, बोट दाखवता येतं. तिच्या यादीतले काही शब्द इथे आपोआप भेटले, पण एकेक करून, वेगवेगळ्या जागी. ज्या सपाट खडकपट्टीवर तिने बाटली टेकवली तिला कुणीतरी लेज म्हणालं. पुढे तासाभराने दोन्हीकडे उतार असलेल्या धारेवर आलो, ती रिज. आणि तिथेच वाटाड्याने सगळ्यांना बजावलं, “स्टे अवे फ्रॉम द एज.” लेज, रिज, एज: मराठी कानाला तिन्ही शब्द जवळजवळ सारखे. यादीत ते एकाखाली एक आले असते तर त्यांची खिचडी नक्की होती. इथे एकावर बाटली ठेवली होती, दुसऱ्यावरून चालत होतो, तिसऱ्यापासून लांब राहायचं होतं. अनेक आठवड्यांनी विचारलं तेव्हाही तिने तिन्ही अचूक वेगळे सांगितले, आणि प्रत्येक वेळी आधी ती जागा आठवून.

धारेनंतर एक कातळाचा टप्पा होता. तिथे ठरल्याप्रमाणे ती माझ्याशी मराठीत बोलली, बाकीचे आपापल्या भाषेत पुटपुटले. या टप्प्याबद्दल भाषेच्या अंगाने लिहिण्यासारखं काही नाही, आणि तसंच असायला हवं.

दुपारी धुकं आलं. वाट काही वेळ दिसेना, गट परत फिरला, आणि थोडं मागे आल्यावर वाटेची खूण म्हणून रचलेली दगडांची एक छोटी रास दिसली. “देअर्स द केर्न,” वाटाड्या म्हणाला. तो शब्द तिच्या यादीत नव्हता, मी शिकवलेला नव्हता, त्याचं स्पेलिंगही तिला नंतर शोधावं लागलं. पण वाट सापडल्याच्या सुटकेबरोबर तो शब्द कानावर पडला होता. त्या दिवशीच्या नव्या शब्दांपैकी तो सर्वांत पक्का राहिला. यादीतला स्पर, म्हणजे डोंगराची सोंड, वाटेत आम्ही चढून गेलो तरी कुणी त्याचं नाव घेतलं नाही, कुणाला घ्यावं लागलं नाही, आणि तो शब्द गेला.

उतार

उतरताना दम लागत नाही, गुडघे दुखतात, आणि लोक बोलू लागतात. रुंद, सोप्या वाटेवर तिला मी एकच काम दिलं होतं: दिवसभर दुसऱ्या तुकडीत असलेल्या एका सहकाऱ्याला आपल्या तुकडीचा दिवस सांगायचा. त्याने खरोखरच ते पाहिलं नव्हतं, म्हणून तो खरे प्रश्न विचारत होता. “वी लॉस्ट द ट्रेल फॉर अ व्हाइल अँड हॅड टू टर्न बॅक.” “डिड यू कॅच अप विथ द अदर्स?” “नो, वुई फेल बिहाइंड.” सकाळी आज्ञार्थात ऐकलेली क्रियापदं दुपारी भूतकाळात फिरली. तीच माहिती नव्या रूपात वापरावी लागली, की शब्द एका वाक्याला चिकटून राहत नाही.

बोलणं इथेच वाढलं, हे खरं. पण थकवाही इथेच असतो, आणि थकलेल्या पायांनी उतरताना घसरण्याचा धोका मोठा. म्हणून वाट अरुंद झाली की गोष्ट थांबवायची, हे आधीच ठरलं होतं. मोठ्या घोळक्यात मात्र ती गप्पच राहिली. चारपाच जण एकदम, एकमेकांचं वाक्य तोडत बोलू लागले की तिला सूर पकडता येईना. दोघांच्या जोडीत जे जमलं ते घोळक्यात जमलं नाही, आणि एका दिवसात ते जमेल अशी अपेक्षाही नव्हती.

नंतरचे आठवडे

चालताना तिने वही काढली नाही. संध्याकाळी, काहीही न पाहता, दिवसभराचं जे आठवेल ते लिहून काढायचं, असं सांगितलं होतं. हेरमान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये स्वतःवरच्या प्रयोगांतून दाखवलं की पाठ केलेल्या निरर्थक अक्षरगटांची यादी पुन्हा शिकताना तासाभराने सुमारे ४४ टक्के श्रम वाचतात, दिवसाने सुमारे ३४ टक्के आणि महिन्याने सुमारे २१ टक्के. घसरण सुरुवातीलाच तीव्र असते, म्हणून पहिली संध्याकाळ महत्त्वाची. आणि आठवून लिहिणं हे पुन्हा वाचण्यापेक्षा वेगळं. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांच्या २००६ च्या प्रयोगात मजकूर पुन्हा पुन्हा वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत पुढे होते, आठवड्यानंतर मात्र आठवून पाहणारे पुढे गेले. नुसत्या डोंगरचालीने हे होत नाही. संध्याकाळचं ते पान लिहिलं नसतं तर दिवस सुखाचा गेला असता, एवढंच.

पण मला खरी काळजी वेगळीच होती. डोंगरावर शिकलेले शब्द डोंगरावरच राहिले तर? १९७५ मध्ये डंकन गॉडन आणि अ‍ॅलन बॅडली यांनी पाणबुड्यांना काही शब्द जमिनीवर आणि काही पाण्याखाली पाठ करायला दिले. जिथे शिकले तिथेच ते जास्त आठवले. २०२१ मध्ये हा प्रयोग पुन्हा केला तेव्हा तो परिणाम दिसला नाही, त्यामुळे त्यावर फार भार टाकू नये. तरीही वर्गात शिकलेलं बाजारात आठवत नाही हा अनुभव प्रत्येक भाषाशिक्षकाला आहे. म्हणून पुढच्या भेटींमध्ये मी तिला डोंगराबद्दल कमी आणि तिच्या कामाबद्दल जास्त बोलायला लावलं, तेच सांगाडे वापरून. “वुई आर फॉलिंग बिहाइंड” हे वेळापत्रकाबद्दल. “लेट्स स्लो डाउन” हे घाईने चाललेल्या चर्चेबद्दल. आणि काही आठवड्यांनी तिने न विचारता सांगितलं की मीटिंगमध्ये कामाला किती वेळ लागेल असं विचारल्यावर तिच्या तोंडून आलं, “इट शुड टेक अस अबाउट टू वीक्स, नॉट काउंटिंग द रिव्ह्यू.” नेस्मिथचा ठोकताळा हिशेबाच्या टेबलावर पोहोचला होता. ती हे सांगताना हसत होती, आणि मला मनापासून आनंद झाला.

राहिलेल्या शब्दांकडे नीट पाहिलं तर त्यात क्रियापदं आणि जोडशब्द जास्त, नामं कमी: टर्न बॅक, कॅच अप, फॉल बिहाइंड, स्लो डाउन, रन आउट ऑफ, स्टिक टुगेदर, त्याबरोबर स्टीप, लूज, स्लिपरी. स्क्री हा शब्द गेला. घसाऱ्यावरून आम्ही चाललो होतो, पण तिथे सगळे “लूज स्टोन्स” एवढंच म्हणत होते, आणि तेवढ्याने भागत होतं. तो गेल्याचं मला दुःख नाही. हिशेबतपासनिसाला रोजच्या बोलण्यात तो लागणार नाही, आणि डोंगरावर लागलाच तर समोर दगड असतीलच.

संख्येच्या दृष्टीने हे फार थोडं आहे. न्यूझीलंडमधले भाषाशास्त्रज्ञ पॉल नेशन यांनी २००६ मध्ये मांडलं की कुणाच्या मदतीविना इंग्रजी पुस्तकं, वृत्तपत्रं वाचायला ८ ते ९ हजार शब्दकुटुंबं (मूळ शब्द आणि त्यापासून बनलेली रूपं मिळून एक कुटुंब) लागतात. एका दिवसाच्या चालीने त्यात मूठभर भर पडते. शब्दसाठा वाढवण्यासाठी वाचनाला पर्याय नाही, आणि ज्याला परीक्षेसाठी झटपट शब्द हवेत त्याला मी डोंगर सुचवणार नाही. इथे साठा आधीच होता. त्यातले ओळखीचे शब्द वेळेवर हाताशी येऊ लागले, एवढंच या चालीने साधलं, आणि या विद्यार्थिनीला नेमकं तेच हवं होतं.

एका व्यक्तीवरून नियम काढता येत नाही. तिला डोंगर आवडतो, तिची तब्येत चांगली आहे, गट समजूतदार होता. चढाची धास्ती असलेल्या माणसाला हाच दिवस नुसता छळ वाटला असता, आणि भीतीत माणूस पटकन मातृभाषेकडे वळतो. दुसऱ्या कुणाला हे करायचं असेल तर मी एवढंच पाहीन की सोबत निदान एक माणूस असा हवा ज्याला आपली भाषा येत नाही, वाट चालणाऱ्याच्या आवाक्यातली हवी, आणि शिक्षक सोबत असेल तर त्याने बहुतेक वेळ गप्प राहावं.

‘अ’ आणि ‘द’ यांच्या चुका होत्या तशाच आहेत. “वुई टुक ब्रेक नियर स्ट्रीम” असं ती उतारावरही म्हणाली आणि सगळ्यांना समजलं, त्यामुळे ती चूक कुणाच्याच लक्षात आली नाही. जी चूक अर्थ अडवत नाही ती चालण्याने सुधारत नाही. त्यासाठी आता आम्ही टेबलावर बसून तिने लिहिलेले परिच्छेद ओळीओळीने तपासतो आहोत, आणि सध्या त्यातच आमचा बहुतेक वेळ जातो.